काल आलेल्या माणसाचे शहर

शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला मराठीत आपण पालिका म्हणतो. नगरपालिका, महानगरपालिका. कन्नडमध्येही हाच शब्द आहे. पालन करते ती पालिका. शब्दात आईपण नसले तरी दाईपण नक्की आहे. हिंदीत तिचे नगर निगम होते, आणि निगम म्हटले की मंडळ, शिक्का, ताळेबंद डोळ्यांपुढे येतात. बंगालीत ती पुरसभा किंवा पौरसभा, म्हणजे नगरात राहणाऱ्यांची सभा. तमिळमध्ये मानगराट्चि, मोठ्या नगराचा राज्यकारभार. जुन्या गुजरातीत ती सुधराई, सुधारणा करणारी. इंग्रजी अमलात आकाराला आलेल्या एका संस्थेला आपल्या भाषांनी अशी निरनिराळी नावे दिली आणि प्रत्येक नावात तिच्याकडून काय हवे याचे निराळे उत्तर ठेवले. तिने पोसावे, व्यवहार सांभाळावा, एकत्र बसून ठरवावे, राज्य करावे, सुधारावे.

अनुवाद करणाऱ्याला असे शब्द अडवून धरतात. गुजराती मजकुरातल्या सुधराईच्या जागी नगरपालिका लिहिले की वाक्य बिनचूक होते, तरी एक प्रश्न मागे उरतो. रस्ते, पाणी, गटारे, दिवे, बस यांवर शहराने खर्च करायचा तो नेमका कशासाठी? गेल्या तीसेक वर्षांत याचे एक उत्तर जवळजवळ ठरून गेले आहे. शहरे ही आर्थिक वाढीची इंजिने आहेत. पायाभूत सुविधा आल्या की गुंतवणूक येते, गुंतवणूक आली की रोजगार येतो. अर्थसंकल्पाच्या भाषणांत, आराखड्यांत, उद्घाटनाच्या फलकांवर आपण हे उत्तर वाचतो. ते खोटे नाही. पण ते पुरेसे आहे का, हा नैतिक प्रश्न आहे आणि या लेखाचा विषय तोच आहे. मला असे वाटते की आपण ज्या कारणासाठी एखादी गोष्ट देतो, त्या कारणाची हद्द संपते तिथे आपले देणेही थांबते. म्हणून गटार बांधले की नाही याइतकेच ते का बांधले हेही महत्त्वाचे ठरते.

प्रथम पालिकेच्या हाती काय असते ते पाहू. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या संस्थांकडे राज्यांनी सोपवावेत असे अठरा विषय तीत आहेत. नगररचना, रस्ते आणि पूल, पाणीपुरवठा, आरोग्य आणि स्वच्छता, अग्निशमन, झोपडपट्ट्यांची सुधारणा, बागा, जन्ममृत्यूची नोंद, स्मशाने, कोंडवाडे, रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे, कत्तलखाने. आर्थिक आणि सामाजिक विकासाचे नियोजन आहे, शहरी दारिद्र्य कमी करणे आहे. रोजगार हा शब्द मात्र स्वतंत्र विषय म्हणून त्या यादीत नाही. तसे असणे समजण्यासारखे आहे. आपले कर्मचारी सोडले तर पालिका कोणाला नोकरी देत नाही. काम जिथे होऊ शकते ती जमीन तेवढी ती तयार करते.

ही जमीन म्हणजे काय, हे भाजी विकणाऱ्या बाईच्या दिवसावरून कळते. पहाटे घाऊक बाजारात जायला वाहन आहे का, टोपली घेऊन त्यात चढू देतात का, माल मांडायला हक्काची जागा आहे का, संध्याकाळी तिथे दिवा असतो का, या सगळ्यावर तिची कमाई ठरते. दिवसभरात जाता येईल असे स्वच्छतागृह नसेल तर ती पाणीच कमी पिते. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवली. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, ही साधी गोष्ट तिने लोकांपुढे मांडली. स्वच्छतागृहाचा प्रश्न रोजगाराचाही आहे, हे त्यानिमित्ताने पुष्कळांच्या प्रथमच लक्षात आले. फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या प्रमाणात फेरीवाल्यांना सामावून घ्यावे, त्यांच्यासाठीच्या समितीत किमान ४० टक्के सदस्य त्यांनी निवडलेले असावेत, असे तो सांगतो. तरीही आपल्या शहरांत फेरीवाल्याची पहिली गाठ पडते ती अतिक्रमण निर्मूलन विभागाशीच.

तेव्हा सुविधा आणि रोजगार यांचे नाते खरे आहे. ते किती खरे आहे, हे सुरतेने एकदा फार थोड्या काळात दाखवून दिले.

१९९४ साली सुरत हे देशातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या शहरांपैकी एक होते. यंत्रमाग, जर, कापडावरच्या प्रक्रिया, हिऱ्यांना पैलू पाडणे या धंद्यांनी लाखो माणसे तिथे ओढून आणली होती. सौराष्ट्रातून हिऱ्यांचे कारागीर, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून यंत्रमागाचे कामगार, तेलंगणातून विणकर, उत्तर प्रदेश-बिहारमधून मजूर आणि आपल्या खानदेशातून आलेली मराठी माणसे, जी उधना, लिंबायत या भागांत वसली. पैसा भरपूर होता. शहराचा मोठा भाग मात्र गटारांवाचून होता. त्या वर्षी सप्टेंबरात पुराचे पाणी उतरल्यावर सखल वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरे उरली, आणि त्याच महिन्यात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. काही दिवसांत काही लाख माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. काही देशांनी भारतात येणारी-जाणारी विमाने थांबवली, भारतीय माल अडवला. अधिकृत आकड्यांनुसार देशभरातले मृत्यू साठाच्या आत होते, तरी एवढ्यावर एका श्रीमंत शहराचे अर्थकारण थांबले. धंदा आधी वाढला होता आणि गटारे मागे राहिली होती. त्या मागे राहण्याची किंमत धंद्यानेच मोजली.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव पालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी जे केले त्यात चमत्कार कुठलाच नव्हता. शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे निर्णय घेण्याचे अधिकार दिले. वरिष्ठांनी रोज सकाळचे तास कार्यालयाबाहेर, रस्त्यावर घालवायचे असा दंडक घातला. रात्रीची झाडलोट सुरू केली. बेकायदा बांधकामे पाडताना सुरुवात बड्यांपासून केली, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. झोपडपट्ट्यांत फरसबंदी, नळ, गटारे, दिवे आणि स्वच्छतागृहे पोचू लागली. १९९६ मध्ये इंटॅक या संस्थेने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरवले. दीड वर्षात हे झाले आणि ते त्याच पालिकेने केले, जिची दोन वर्षांपूर्वी देशभर नाचक्की झाली होती. तो वारसा पुढे टिकला. २०१४ पासून ही पालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसरा भागातल्या कापड-प्रक्रिया कारखान्यांना विकते. कारखान्यांना खात्रीचे पाणी मिळते, पालिकेला पैसे मिळतात, तापीतून तेवढा उपसा वाचतो. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने पहिली आली.

हे सांगताना झाडू कोणाच्या हातात होता हेही सांगायला हवे. आपल्या शहरांत सफाईचे काम प्रामुख्याने दलित जातींच्या माणसांकडेच राहिले आहे. माणसाला हाताने मैला साफ करायला लावू नये म्हणून १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी गटारात उतरलेल्या माणसांच्या मरणाच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. पायाभूत सुविधा रोजगार निर्माण करतात असे आपण म्हणतो तेव्हा हाही रोजगार त्यात मोजलेला असतो.

संकटाने जागे झालेले सुरत हे पहिले शहर नव्हे. जवळजवळ शंभर वर्षे आधी मुंबईत हेच घडले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि १८९७ च्या सुरुवातीपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक माणसे मुंबई सोडून गेली. गिरण्यांत माणसे मिळेनात. महिना-महिना पगार थकवून ठेवणाऱ्या मालकांना रोजची मजुरी रोज मोजावी लागली. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. नावातच सुधराई होती. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून ट्रस्टने रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्यातली नावे मुंबईकरांना ठाऊक आहेत. दादर-माटुंग्याची आखणीही ट्रस्टचीच. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. कामगारांचे शहर सावरायला निघालेल्या संस्थेने पुष्कळ कामगारांनाच बेघर केले.

दोन्ही शहरांत गटार गरिबाच्या दारापर्यंत पोचले, कारण गरिबाच्या दारातला रोग श्रीमंताच्या दारात जाऊ शकत होता आणि गरीब पळून गेला तर कारखाना बंद पडत होता. हे स्वार्थाचे कारण आहे. त्यात वाईट काय, असे कोणी विचारेल. काम तर झाले.

या शंकेला तत्त्वज्ञानात जुने उदाहरण आहे. कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराची गोष्ट घेतली आहे. हा दुकानदार अडाणी गिऱ्हाइकालाही, अगदी लहान मुलालाही, योग्य भावात माल देतो, कारण नाव टिकले तर धंदा टिकतो. कांट म्हणतो की त्याची कृती कर्तव्याशी जुळते, पण ती कर्तव्यातून आलेली नाही. आपण गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार केला तर हे फार सोवळे वाटते. पोराला पुडी बरोबर वजनाची मिळाली. दुकानदाराच्या मनाशी त्याला काय करायचे आहे? खरोखर काहीच करायचे नाही, जोवर दुकानदाराचा स्वार्थ आणि पोराचे हित एका रेषेत आहेत तोवर. ज्या दिवशी त्या गावात दुसरे दुकान उरणार नाही आणि नावाची चिंता संपेल, त्या दिवशी पोराला कळेल की पुडीचे वजन कशाच्या आधाराने टिकून होते.

सुरतेत तो दिवस २०२० साली आला. यंत्रमागाच्या कामगारांची राहणी ठाऊक असलेल्यांना ‘मेस’ हा शब्द माहीत असतो. एका खोलीत अनेक माणसे, आणि कित्येक ठिकाणी एका अंथरुणाचे दोन धनी, एक दिवसपाळीचा आणि एक रात्रपाळीचा. बारा तासांची पाळी संपवून एक येतो तेव्हा दुसरा उठून कामावर गेलेला असतो. टाळेबंदीत माग थांबले आणि एका अंथरुणावर दोघे एकाच वेळी आले. मजुरी थांबली, मेसचे जेवण बंद पडत गेले, आणि रेशन कार्ड ओडिशातल्या गावाचे असल्यामुळे इथल्या दुकानात त्याचा उपयोग नव्हता. एप्रिलमध्ये लसकाणा भागात हे कामगार रस्त्यावर आले. त्यांना थकलेली मजुरी हवी होती आणि गावी जायचे होते.

या वेळी शहर स्वच्छ होते, हे ध्यानात घ्यायला हवे. १९९४ चा धडा सुरतेने प्रामाणिकपणे गिरवला होता. पण तो धडा रोगजंतूने शिकवला होता आणि रोगजंतूच्या हद्दीपर्यंतच तो लागू होता. घाण पसरते म्हणून गटार झाले. भूक पसरत नाही, थकवा पसरत नाही, एका अंथरुणाची दाटी शेजारच्या बंगल्यात जात नाही. म्हणून त्यांची सोय व्हायची राहिली. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, सगळीकडून तेव्हा माणसे चालत निघाली. ज्या शहरांना त्यांनी वर्षानुवर्षे श्रम दिले, त्या शहरांत उपाशी राहण्यापेक्षा शेकडो कोस चालणे त्यांना बरे वाटले. तुम्ही कमावता म्हणून तुम्हाला सुविधा, असा ज्यांच्याशी अबोल करार होता, त्यांचे कमावणे थांबताच करारही संपला.

मग स्वार्थाहून निराळे कारण कोणते? आपल्याकडे त्याचे उत्तर शोधायला कांटपर्यंत जावे लागत नाही. ते एका छोट्या नगरपालिकेच्या दप्तरात सापडते. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पैशांतून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले आणि प्रत्यक्षात बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे, जुनी वहिवाट आहे, असे दावे न्यायालयात झाले. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला.

महाडच्या तळ्याने कोणाचा धंदा वाढणार नव्हता. त्यासाठी लढणाऱ्यांनीही तसे कारण दिले नाही. तळे नगरपालिकेचे आहे आणि आम्ही या नगरातली माणसे आहोत, एवढ्यावर त्यांचा हक्क उभा होता. सार्वजनिक या शब्दाचा मला कळलेला सर्वांत सरळ अर्थ हा आहे. सार्वजनिक नळाने पाणी पिणाऱ्याला तो कोण, कुठला, त्याचा शहराला काय उपयोग, हे विचारू नये. आपल्या समाजात पाण्याने हे प्रश्न शतकानुशतके विचारले. म्हणूनच इथे नळाने ते न विचारणे ही केवळ सोय राहत नाही. आर्थिक वाढीच्या भाषेत हे बसवता येत नाही, कारण ती भाषा पहिल्यांदा उपयोगच विचारते. जात विचारण्याच्या जागी ती उत्पादकता विचारते. हा बदल मोठा आहे, हे मी नाकारत नाही. गावातून शहरात येणाऱ्या कित्येकांना तो सुटका वाटला आणि तो सुटका होताही. पण प्रश्नकर्ता बदलला तरी प्रश्न विचारला जातोच.

आपल्या न्यायालयाने हा प्रश्न एकदा अर्ध्यापर्यंत सोडवला. १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना उठवून गावी पाठवण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी माणसे सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, असे त्यात म्हटले. माणसे फुटपाथवर राहतात ती काम जवळ आहे म्हणून. तिथून उठवणे म्हणजे त्यांचे काम काढून घेणे. घर आणि काम यांचा हा धागा कायद्याने पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे पाहिला. त्याच निकालाने पुढे असेही सांगितले की पालिका रीतसर सूचना देऊन त्यांना हटवू शकते, पावसाळा तेवढा संपू द्यावा. हक्क मान्य झाला आणि जागा गेली. हा निकाल चाळीस वर्षांनंतरही आपल्या शहरांचे वर्णन करतो, ते या दोन वाक्यांमुळे.

यावर व्यवहारी वाचकाचा आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. पालन करायचे तर पैसा लागतो आणि पैसा वाढीतूनच येतो. सुरतेने १९९५ मध्ये जे केले, ते जकातीचे उत्पन्न हाताशी होते म्हणून. हे बरोबर आहे. जकात हा काही चांगला कर नव्हता. नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत आणि त्या रांगांत भ्रष्टाचार वाढे. गुजरातेत २००७ मध्ये जकात गेली, मुंबईत ती २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर संपली. नव्या करात शहरांचा स्वतंत्र वाटा ठेवलेला नाही. जकातीबदल्यात राज्य सरकारकडून येणारी भरपाई, मालमत्ता कर आणि बांधकाम-परवानग्यांची शुल्के, यांवर पालिका आता मुख्यतः चालते. परिणाम असा की शहराच्या घामातून निर्माण होणारा कर दिल्लीला आणि राज्याच्या राजधानीला जातो आणि शहराला स्वतःच्या जमिनीच्या भावात रस उत्पन्न होतो. जमिनीचे भाव वाढणे म्हणजेच शहर वाढणे, असे मग वाटू लागते.

म्हणजे पैशाचा प्रश्न खरा आहे, पण पैसा कुठून येतो यावर तो कशाला लागतो हेही ठरत जाते. मुंबई पालिकेने किनारी रस्त्याचा पहिला टप्पा तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून स्वतःच्या पैशांनी बांधला. तो रस्ता दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना बंद आहे. त्याच पालिकेच्या बेस्टकडे एके काळी चार हजारांहून अधिक बस होत्या. गेल्या काही वर्षांत हा ताफा तीन हजारांच्या खाली आला आणि २०२५ च्या मे महिन्यात पाच रुपयांचे किमान भाडे दहा रुपये झाले. दोन्ही पायाभूत सुविधाच आहेत आणि दोन्हींनी वाढीला हातभार लागतो असे दाखवता येईल. कामावर जाण्यासाठी गाडी असलेला माणूस आणि बसथांब्यावर उभा असलेला माणूस यांच्यात निवड करायला मात्र वाढीचा आकडा मदत करत नाही. ती निवड करायला दुसरी कसोटी लागते.

मला सुचते ती कसोटी अशी. कोणतीही सुविधा आखताना काल रात्री शहरात उतरलेल्या माणसाचा विचार करावा. त्याच्याकडे इथला पत्ता नाही, इथले कार्ड नाही, मत नाही, अजून कामही नाही. तो आज सकाळी पाणी पिऊ शकतो का? कुठे जाऊ शकतो, किती पैशांत? आजारी पडला तर कोणत्या दारात उभा राहू शकतो? त्याच्या वाटेचे जेवढे शहर निघेल, तेवढेच खऱ्या अर्थाने सार्वजनिक. बाकीचे कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे आहे, निदान कोणाच्या ओळखीचे आहे. या कसोटीत वाढीला विरोध नाही. कापड विकले जावे, हिरे घासले जावेत, कर गोळा व्हावा. पण वाढ हे पालनाचे साधन असावे, पालन हे वाढीचे साधन होऊ नये.

अशी कसोटी स्वप्नाळू आहे असे वाटत असेल, तर पुन्हा सुरतेकडेच पाहावे. तिथली नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. मुंबई पालिकेच्या शाळाही आठ भाषांत आहेत. मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. इंग्रजीच्या ओढीने यांतल्या काही शाळांचे वर्ग रिकामे होत चालले आहेत, आणि त्या चालवणे परवडते का, असा प्रश्न हिशेब मांडणारे अधूनमधून विचारतात.

हिशेबाने तो प्रश्न रास्तच आहे. यंत्रमाग चालवायला ओडिया वर्णमाला लागत नाही. खानदेशातून आलेल्या मजुराच्या मुलीला मराठीत कविता पाठ करता आली म्हणून सुरतेचे उत्पन्न वाढत नाही. शहराला हात हवे असतील तर या शाळांची गरज नाही. पण कोणीतरी कधीतरी ठरवले की गंजामहून आलेला माणूस हा केवळ मागावरचा हात नाही. त्याला मूल आहे, त्या मुलाला एक भाषा आहे, आणि ते मूल या शहरात वाढणार आहे. नळ, गटार, बस यांच्यामागेही हाच विचार असू शकतो. फक्त शाळेत तो उघडा दिसतो, कारण तिथे दुसरे कारण देणे कठीण जाते. भाषांच्या मध्ये उभे राहून काम करणाऱ्या माझ्यासारखीला या शाळा शहराच्या सर्वांत मोलाच्या पायाभूत सुविधांपैकी वाटतात.

रोजगार हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिथे त्याचा मुख्य अर्थ काळ, जमाना असा आहे. उर्दूत काळ आणि उपजीविका दोन्ही अर्थ नांदतात. मराठीत काळ गळाला आणि काम उरले. पण यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस शहराला काम देतो तेव्हा आपल्या आयुष्याचा काळच देत असतो, आणि तो काळ मजुरीने फिटत नाही. त्याची उरलेली फेड शहराने करायची असते. ती करणाऱ्या संस्थेला आपण मराठीत पालिका हे नाव दिले आहे, आणि निगम, सभा, सुधराई यांच्या शेजारी ठेवून पाहिले तर ते सर्वांत मोठी जबाबदारी घेणारे नाव आहे. तेव्हा पुढचा पूल, पुढचा रस्ता, पुढची मेट्रो यांचे आराखडे समोर येतील तेव्हा किती गुंतवणूक आणि किती रोजगार हे जरूर विचारावे. त्याबरोबर पालन कोणाचे, हेही विचारावे. उधना स्टेशनवर काल रात्री उतरलेला माणूस त्या उत्तरात असेल, तर शहर ठीक चालले आहे असे म्हणायला हरकत नाही.